नागपुरात राहून हलकी ट्रॅक कार सांभाळायची, तर वर्षाचा खरा खर्च किती?

मनीषनगर_२८

नमस्कार मंडळी. वय २८, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी. गाड्यांचं वेड शाळेपासूनचं, पण ट्रॅकवर पहिल्यांदा उतरलो ते २०२३ मध्ये, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मित्राच्या गाडीतून. त्यानंतर दोनदा भाड्याची गाडी घेऊन जाऊन आलो. तेव्हापासून स्वतःची एक हलकी गाडी असावी असं डोक्यात बसलंय. रस्त्यावरची नाही, निव्वळ ट्रॅकची.

दोन गाड्या समोर आहेत. एक कोइम्बतूरची सिंगल सीटर, शर्यतींतून निवृत्त झालेली, मारुतीचं १३०० सीसी इंजिन, साडेसहा लाख सांगतायत. दुसरी टू-सीटर, तिच्यात १००० सीसी बाइकचं इंजिन, पाच लाख. वजन दोन्हींचं पाचशे किलोच्या आसपास. दुसरीचा आवाज ऐकला आणि रात्री झोप लागली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दोन्ही विकणारे एकच गोष्ट म्हणतात: गाडी हलकी आहे, तिला खर्च नसतो. माझे वर्षाला दोन लाख बाजूला पडतात. घरी आईला आणि बायकोला एक आकडा सांगायचा आहे, आणि वर्षभराने तो खोटा ठरायला नको. नागपुरात राहून कोणी अशी गाडी सांभाळत असेल तर कृपया मोकळेपणाने सांगा.

वर्धारोडवाला

दोन लाखांत गाडी उभी राहील, पळणार नाही. मी असतो तर भाड्याचीच घेतली असती. गाडी, टायर, मेकॅनिक सगळं त्यांचं, आपण फक्त हेल्मेट घेऊन जायचं. वर्षातून एकदाच जाणार असशील तर विकत घेण्यात अर्थ नाही.

हिंगणा_लेथ

माझ्याकडे नऊ वर्षांपासून अशी गाडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं लेथ आणि फॅब्रिकेशनचं काम आहे. २०१६ मध्ये पाइपची चौकट जोडून टू-सीटर बांधली. इंजिन आणि गिअरबॉक्स एका मोडीत निघालेल्या मारुती एस्टीमचे, ड्रायव्हरच्या मागे बसवलेले. वजनकाट्यावर तोलली तेव्हा ५२० किलो भरली. पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. पेट्रोलपासून नटबोल्टपर्यंत सगळं तिच्यात आहे. त्यातलं मागचं वर्ष तुझ्यासमोर ठेवतो.

मागच्या वर्षी दोन फेऱ्या केल्या, डिसेंबर आणि फेब्रुवारीत, प्रत्येक वेळी ट्रॅकवर दोन दिवस. दिवसाला वीस-वीस मिनिटांची पाच सेशन्स. म्हणजे वर्षभरात गाडी प्रत्यक्ष पळाली ४०० मिनिटं. खर्च झाला ३,२७,००० रुपये. मिनिटाला ८१७ रुपये. घरी सांगायचा आकडा हा मिनिटाचाच सांग, कारण वर्षाचा आकडा फेऱ्या कमी केल्या की लहान होतो आणि आपल्याला वाटतं बचत झाली. मिनिटाचा आकडा तेव्हा उलट वाढलेला असतो.

आता हे ३,२७,००० गेले कुठे ते पाहा. टायर, ब्रेक, ऑईल, पेट्रोल, इंजिनसाठी बाजूला काढलेली रक्कम आणि झिजलेले भाग, म्हणजे गाडीने स्वतः खाल्लेले पैसे, झाले १,०५,०००. आणि गाडी व आम्ही दोघं माणसं नागपूरहून तिथे पोहोचून परत येण्याचे झाले १,२१,०००. विकणारा खोटं बोलत नाही. हलक्या गाडीला खर्च कमीच असतो. पण तो कोइम्बतूरला बसून बोलतोय. त्याच्या गावातच करी मोटर स्पीडवे हा ट्रॅक आहे. तू झिरो माइलवाला. तुला चेन्नई ११०० किलोमीटर, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हजाराच्या वर, कोइम्बतूर तर त्याहूनही लांब. देशाच्या मधोमध राहण्याचा हा एक तोटा मला गाडी घेतल्यावर कळला, सगळं सारखंच लांब पडतं.

हलकेपणाचा फायदा मात्र खरा आहे, तो कुठून येतो ते समजून घे. ताशी १४० वरून ६० वर यायचं तर ब्रेकला गाडीची गती उष्णतेत बदलावी लागते. माझी गाडी माझ्यासकट ६०० किलो. एका ब्रेकिंगला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता तयार होते. आपल्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३५ अंशांचं असतं. तसं सव्वा लिटरहून जास्त पाणी तेवढ्यात उकळीला येईल. हेच १२०० किलोच्या सेडानने केलं की आकडा दुप्पट, पावणेतीन लिटर. हे एका वळणाचं. ट्रॅकच्या प्रत्येक चकरेत अशी दोन-तीन वळणं, एका सेशनमध्ये आठ-नऊ चकरा. म्हणून जड गाडीचे ब्रेक पॅड एका दिवसात संपतात आणि माझे एस्टीमच्या साध्या डिस्कवर चार दिवस जातात. ब्रेकचा वर्षाचा खर्च १६,००० झाला, तोही मी डिस्क बदलल्या म्हणून.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. ब्रेक ऑईलमध्ये काटकसर करू नकोस. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, आणि त्यात पाणी मुरलं की मानकानुसार तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. दुसऱ्या वर्षी मी गाडी पावसाळाभर शेडमध्ये ठेवली आणि ऑईल तसंच ठेवून चेन्नईला गेलो. तिसऱ्या सेशनमध्ये ऑईल उकळलं, पेडल थेट फळीला टेकलं आणि मी वळण सोडून खडीत गेलो. गाडीचं नाक फुटलं, मला काही झालं नाही. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून प्रत्येक फेरीच्या आधी नवी सीलबंद बाटली. वर्षाला अडीच हजार रुपये जातात.

टायरचं गणित वेगळं. हलक्या गाडीला मऊ टायर लागतो, कारण कडक टायर तापवण्याएवढं वजनच तिच्यात नसतं. तेरा इंची सेमी-स्लिकचा (जवळपास नक्षी नसलेल्या ट्रॅकच्या टायरचा) चाराचा संच मला ५२,००० ला पडला आणि तो सहा दिवस चालतो, म्हणून वर्षाला ३५,००० धरतो. रबर दिसायला शिल्लक असतं पण तापून-थंड होऊन, तापून-थंड होऊन ते कडक होत जातं, आणि सहाव्या दिवशी घड्याळच सांगतं की संपलं. आपल्याकडे यात नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांची भर. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टायर ठेवले तर न वापरताच म्हातारे होतात. माझे टायर उन्हाळाभर घरी मधल्या खोलीत दिवाणाखाली असतात, काळ्या पिशवीत तोंड बांधून. बायकोने पहिल्या वर्षी विचारलं होतं, आता ती स्वतःच दिवाणाखालची जागा मोकळी करून ठेवते.

पेट्रोल लोकांना वाटतं तेवढं जात नाही. तासाला वीस लिटर धर. ४०० मिनिटांचे १३३ लिटर, चौदा हजार रुपये झाले. पण पेट्रोल उभ्या गाडीत जास्त त्रास देतं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉलही ओलावा ओढतं. जुन्या एस्टीमच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मी फेरी झाली की टाकी रिकामी करतो, उरलेलं इंजिन बंद पडेपर्यंत जाळतो, आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घेतल्यात. ट्रकवालासुद्धा भरल्या टाकीची गाडी चढवून घेत नाही.

आता मुख्य मुद्दा, कोणती गाडी घ्यायची.

पहिल्या गाडीत १३०० चं इंजिन आहे म्हणतोस. एस्टीमचं असो की पहिल्या स्विफ्टचं, ते मारुतीच्या जी१३ घराण्यातलं आहे, आणि त्याच घराण्यातलं इंजिन जिप्सी किंगमध्ये होतं. जिप्सी म्हटलं की आपला विदर्भ. पेंचला सिल्लारी गेटवर जा, ताडोब्याला मोहर्लीला जा, वर्षानुवर्षं पहाटे उघड्या जिप्सींची रांग लागलेली. त्या गाड्या धुळीत, चढावर, भर उन्हात राबतात आणि त्यांना राबतं ठेवणारे मिस्त्री इथेच बसलेत. माझं इंजिन पहिल्यांदा उतरवलं तेव्हा रामटेक रोडवरच्या एका उस्तादांना नुसतं दाखवायला नेलं होतं. त्यांनी हात पुसले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या जिप्सीचंच हाय ना जी. ठेवून जा, शनिवारी घेऊन जाजा." मी चेन्नईच्या माणसाला फोन लावायच्या तयारीत होतो. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं नागपुरातच मिळालं. एक दिवस थांबावं लागलं ते ऑईल पंपासाठी.

तीस तास पळाल्यावर मी इंजिन खोलतो. त्याला साठ हजार येतात, म्हणून वर्षाला तेरा हजार बाजूला काढून ठेवतो. दोन गोष्टी बांधून घेतल्या की हे इंजिन त्रास देत नाही. एक, ऑईल पॅनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑईल साठतं त्या परातीत, आडव्या पट्ट्या, लांब वळणात ऑईल एका कडेला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून. दुसरी, मोठा रेडिएटर. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचे आहेत, एकदा तापून हेड वाकलं की बचत गेली.

बाइकच्या इंजिनाची अडचण इथेच येते. त्याचा आवाज कानात राहतो हे मला मान्य आहे, मीही ते चालवलंय. पण बाइक वळणात झुकते, त्यामुळे तिच्या पॅनमधलं ऑईल बुडाशीच राहतं. तेच इंजिन गाडीत बसवलं की ते झुकत नाही, ऑईल बाजूला फेकलं जातं, आणि दहा हजार आरपीएमवर एक सेकंद जरी बेअरिंग कोरडं राहिलं तरी पुरे. शिवाय ते क्लच आणि गिअर माणसासकट पावणेतीनशे-तीनशे किलो ओढायला बनलेत, इथे त्यांना दुप्पट ओढायचंय. रिव्हर्स नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. चांगला ड्राय संप, म्हणजे ऑईल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने पुरवायची सोय, घातलेलं असेल तर हे सगळं सुटतं, पण मग त्याचे सुटे भाग बाहेरून येतात. माझ्या ओळखीतल्या एकाने अशी गाडी नागपुरात आणली. त्याचं एक सील बाहेरून यायला सात आठवडे लागले आणि त्याची डिसेंबरची फेरी हुकली. भरलेलं प्रवेशशुल्क परत मिळालं नाही.

आपल्याकडे सिंगल सीटरची परंपराच अशी वाढली आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती बांधली ती मारुतीच्या छोट्या इंजिनाभोवती, आणि ते इंजिन देशात कुठेही उघडता येत होतं. करी स्पीडवेला नाव त्यांचंच आहे. शर्यतीची गाडी परदेशी भागांशिवाय परवडेल अशी करायची, ही त्यांची दृष्टी मला फार मोठी वाटते. गाडी घेताना तीच फूटपट्टी लाव: हिचं इंजिन माझ्या घरापासून पन्नास किलोमीटरांत कोण उघडेल?

बाकीचे आकडे भरभर सांगतो. प्रवेशशुल्क चार दिवसांचे ५६,०००. शेडमधल्या जागेचे ३०,०००, कारण माझी जागा भाड्याची आहे आणि गाडी जेवढी अडवते तेवढं भाडं मी तिच्या नावावर टाकतो. ऑईल, फिल्टर, प्लगचे ९,०००. एक्सल, व्हील बेअरिंग, सस्पेन्शनच्या दांड्यांच्या टोकाचे सांधे (रॉड एंड) मिळून १८,०००. सुरक्षेच्या सामानासाठी १५,००० बाजूला.

विम्याचं एक सांगतो आणि थांबतो. नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर जे मोडेल ते आपलं. तुझ्या अपघात विम्याच्या पॉलिसीतही काय वगळलंय ते घरच्यांसमोर बसून वाच. आणि नोंदणी नसलेली गाडी पहाटे आउटर रिंग रोडवर किंवा समृद्धीवर "फक्त एक चक्कर" म्हणून काढायचा मोह होईल, मलाही झाला होता. काढू नकोस. तिला दिवे नाहीत, उंची कमरेएवढी, ट्रकवाल्याला ती आरशात दिसतच नाही.

वाडी_ट्रान्सपोर्ट

हिंगणावाल्या भाऊंचा गाडी नेण्या-आणण्याचा खर्च पाहिला, म्हणून लिहून राहिलो. माझा धंदाच हा आहे.

पूर्ण ट्रक, म्हणजे १४ फुटी आयशर, जाऊन-येऊन ठरवला की ट्रकवाला परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे धरतो. तसं करू नका. चेन्नई-हैदराबादकडे परतणाऱ्या गाड्या वाडीत रोज भरतीची वाट पाहत उभ्या असतात, त्या परतीच्या भाड्यात घेऊन जातात. अट एवढीच की तारीख एक-दोन दिवस मागेपुढे चालली पाहिजे. शनिवारी ट्रॅक असेल तर गाडी सोमवारी चढवा, बुधवार-गुरुवारपर्यंत पोहोचते. आणि दुसरा कोणी भेटला तर २४ फुटीत दोन छोट्या गाड्या मागेपुढे बसतात, भाडं अर्धं.

चढवायचं कसं हे आधी ठरवा. ट्रकची फळी जमिनीपासून जवळपास चार फूट, तुमच्या गाडीचं पोट तीन इंचांवर. लाकडी फळ्या लावून ढकलायला गेलात तर मधेच पोट टेकते. गोडाउनचा प्लॅटफॉर्म असेल तिथे ट्रक मागे लावायचा, गाडी सरळ आत जाते. बांधताना पट्टा चाकाला घाला, चौकटीला नाही. चौकट बांधली की ११०० किलोमीटर सगळे हादरे सस्पेन्शन उलटं खातं. आणि गाडीचे खरेदीचे कागद, मालकाचं पत्र ट्रकवाल्याजवळ द्या. नंबर प्लेट नसलेली गाडी पाहिली की नाक्यावर विचारतातच.

हिंगणा_लेथ

वाडीवाल्या भाऊंचं चाकाला पट्टा घालण्याचं अगदी बरोबर. माझे दोन रॉड एंड पहिल्याच प्रवासात ढिले झाले होते आणि मी महिनाभर ट्रॅकला दोष देत होतो. भाड्याचंही खरं आहे. डिसेंबरची फेरी मी एकट्याने पूर्ण ट्रक घेऊन केली, ५८,००० गेले. फेब्रुवारीत अमरावतीच्या एकाबरोबर वाटून घेतली, माझे ३१,००० झाले. त्या एकाच बदलाने २७,००० वाचले. वर्षभर टायरमध्ये कितीही काटकसर केली असती तरी एवढे वाचले नसते.

वेल्डिंगवाली_ताई

कॉलेजात असताना फॉर्म्युला भारतला (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांची स्पर्धा) गाडी घेऊन करी स्पीडवेवर गेले होते, त्यामुळे तपासणीच्या टेबलाची सवय आहे. सुरक्षेचं सामान हिंगणावाल्या दादांनी एका ओळीत उरकलं, म्हणून थोडं जोडते.

हेल्मेट बाइकचं चालवू नका. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेची एम (बाइकसाठी) आणि एसए (मोटार शर्यतीसाठी) ही वेगळी मानकं आहेत. एसए हेल्मेटची आगीची चाचणी होते, आणि डोकं रोल केजच्या, म्हणजे माणसाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या पाइपवर पुन्हा पुन्हा आपटेल हे धरून आघाताचीही चाचणी होते. उघड्या पाइपांच्या गाडीत हाच फरक जिवावरचा आहे. हार्नेसच्या, म्हणजे शर्यतीच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांवर तारीख शिवलेली असते. एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटारशर्यत महासंघ) मानकाच्या पट्ट्या पाच वर्षांनी बाद, एसएफआय या अमेरिकी मानकाच्या दोनच वर्षांनी. जुनी गाडी घेताय म्हणजे बहुतेक पट्ट्या आधीच बाद झालेल्या असतील. गाडीच्या किमतीतून हे पैसे आधीच वजा करून भाव करा. अग्निशामकाची टाकीही दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागते.

आणखी एक. पाइपची चौकट घेताना वेल्डच्या शेजारचा पाइप बघा, वेल्ड नाही. तडा बहुधा जोडाच्या कडेला, जिथे धातू तापून बदललेला असतो तिथे जातो. सस्पेन्शनचे हात जिथे बसतात त्या जागेवरचा रंग खरवडायला विकणारा तयार नसेल तर ती गाडी घेऊ नका. डाय पेनिट्रंटचे, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाचे, तीन स्प्रे मिळतात, त्यांनी महत्त्वाच्या जोडांची तपासणी होते.

मनीषनगर_२८

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. तिने कॅल्क्युलेटर घेतला आणि विचारलं की वर्षात एकच फेरी केली, वाटून ट्रक घेतला, तर किती? मला उत्तर देता आलं नाही. आणि आईने विचारलं की गाडी ठेवणार कुठे, कारण आमचं पार्किंग उघडं आहे.

हिंगणावाले काका, आपल्या वहीवरून एका फेरीचा अंदाज सांगाल का?

हिंगणा_लेथ

मांडून देतो. ट्रक वाटून ३१,०००. दोन दिवसांचं शुल्क २८,०००. जीटी किंवा तामिळनाडू एक्सप्रेसने दोघांचं जाणं-येणं, राहणं-खाणं, मला एका फेरीला साडेतेरा हजार पडले. वाटेतल्या नुकसानीचा विमा अडीच हजार. टायर, ब्रेक, ऑईल, पेट्रोल, इंजिनचा वाटा, झिजणारे भाग हे सगळं चार दिवसांचं १,०५,००० होतं, दोन दिवसांचं ५२,५०० धर. सुरक्षेच्या सामानाचे १५,००० तसेच राहतात, पट्ट्यांची तारीख गाडी उभी असली तरी पुढे सरकते. बेरीज १,४२,५००. जागेचे ३०,००० धरले तर १,७२,५००. तुझ्या दोन लाखांत बसतं आणि साडेसत्तावीस हजार हातात उरतात. ते खर्च करू नकोस, पहिल्या वर्षी काहीतरी मोडतंच.

मिनिटाचा आकडा मात्र वाढतो. २०० मिनिटांना ८६२ रुपये. सूनबाईंना दोन्ही आकडे सांग.

जागेचं म्हणशील तर माझ्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एक सिंगल सीटर बसेल एवढी जागा आहे. भाडं जे मी माझ्या गाडीला लावतो तेच, महिन्याला अडीच हजार. प्लॅटफॉर्म शेजारच्या गोडाउनचा वापरता येतो, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. उस्तादांकडे तुला मी स्वतः घेऊन जाईन.

पण कोइम्बतूरला एकटा जाऊ नकोस. ताई, तुम्ही सांगितलेले ते तीन स्प्रे नागपुरात मिळतात का हे तेवढं कळवा. मिळत असतील तर तो जाताना घेऊन जाईल, आणि मीही सोबत जातो. इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) थंड असताना आणि गरम असताना दोन्ही वेळा मोजायचंय, आणि ऑईल पॅनमध्ये आडव्या पट्ट्या आहेत की नाही ते पॅन उतरवूनच बघायचं. विकणाऱ्याला आजच फोन करून विचार, पॅन उतरवू देशील का म्हणून. हो म्हणाला की तारीख कळव, त्या दिवशीचं लेथचं काम मी पुढे ढकलतो.

वेल्डिंगवाली_ताई

नागपुरात मिळतात, माझ्याच कामाच्या ठिकाणी वापरतो. क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर असा संच आहे. विमानात नेता येणार नाही, स्प्रेच्या डब्या आहेत. रेल्वेतही ज्वलनशील सामान चालत नाही. त्यामुळे इथून नेऊ नका, कोइम्बतूरलाच घ्या, तिथे फाउंड्री आणि मशीनशॉप इतके आहेत की औद्योगिक सामानाच्या दुकानात सहज मिळेल. कसं वापरायचं ते फोनवर सांगेन. लाल रंग लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, घाई केली की बारीक तडा दिसत नाही.

मनीषनगर_२८

विकणाऱ्याला फोन केला. पॅन उतरवू देईन म्हणाला, पण ऑईलचे पैसे तुमचे. हो म्हणालो. काका, पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार जमेल का?